पाय लागला

खोलीतले दिवे मालवलेले होते. पडद्यावर आदल्या दिवशीचा सामना चालू होता आणि कोच ब्रॅनिगन यांनी एकच तुकडा पाचव्यांदा मागे नेला.

"थोरवत," ते म्हणाले, "इथं तू नक्की काय करतो आहेस, ते मला समजावून सांग. घाई नाही. माझं लग्न होऊन तीस वर्षं झालीत, मला ऐकून घ्यायची सवय आहे."

खोलीत चाळीसएक खेळाडू होते. त्यातला एकेक माणूस दारातून आडवा होऊन आत येणारा. सगळे माझ्याकडे वळून बघत होते.

पडद्यावर चव्वेचाळीस नंबरचा एक बुटका, रुंद माणूस धावत सुटतो. समोरच्या संघाचा एक बचावपटू आडवा येतो, त्याच्या छातीवर तो खांद्याने अशी धडक देतो की बचावपटू उताणा पडतो. इथवर सगळं झकास. मग पुढे पळताना चव्वेचाळीस नंबरचा डावा पाय त्या पडलेल्या माणसाच्या दंडाला लागतो. चव्वेचाळीस नंबर थांबतो. वाकतो. त्याच्या दंडाला बोटं लावतो आणि तीच बोटं स्वतःच्या छातीला लावतो. एवढ्या अवधीत दुसरा बचावपटू शेजारून निघून जातो आणि मागून बॉल घेऊन येणाऱ्या आमच्या डेस्मंडला असा आपटतो, की पाहणाऱ्याचे दात दुखावेत.

चव्वेचाळीस नंबर म्हणजे मी, हणमंत थोरवत. मूळचा कराडचा.

"कोच, त्याला पाय लागला," मी म्हणालो.

"कुणाला?"

"त्या पडलेल्या माणसाला. माझा पाय."

"बरं. मग?"

"आमच्याकडे कुणाला पाय लागला तर नमस्कार करतात."

कोचनी चष्मा काढला. "त्याला आडवा कुणी केला?"

"मीच."

"त्याच्या दोन बरगड्यांना मार बसलाय, ठाऊक आहे?"

"ते खांद्याने झालं, कोच," मी म्हणालो. "खांद्याचं काही नसतं. पायाचं असतं."

पुढची दोन मिनिटं खोलीत कुणालाच कुणाचं ऐकू आलं नाही. एक दीडशे किलोचा माणूस हसता हसता खुर्चीसकट खाली गेला. मीही हसलो, कारण हसं आपलंच होत असलं तर त्यात सामील व्हावं म्हणजे जरा कमी लागतं. कोच मात्र हसले नाहीत.

"गुरुवारी शेवटचा सराव सामना," ते म्हणाले. "शुक्रवारी मी ऐंशीतले सत्तावीस घरी पाठवणार. फुलबॅक मला एकच ठेवायचाय आणि माझ्याकडे आहेत दोन. दुसऱ्याला अजून तरी कुणाच्या पाया पडताना मी पाहिलेलं नाही. गुरुवारी तू पुन्हा वाकलास तर सामान बांधूनच ये."

फुलबॅक म्हणजे काय, हे मी माझ्या आईला बारा वर्षं समजावत होतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये एकजण बॉल काखोटीला मारून पळतो. त्याच्या पुढे पळून, आडवा येईल त्याला अंगावर घेऊन वाट मोकळी करायची, हे फुलबॅकचं काम. टाळ्या मागच्याला, टेंगळं पुढच्याला. आई दर सामन्यानंतर विचारायची, "काय रं, तुला बॉल का देत न्हाईत? त्यांचं काय वाकडं केलंयस तू?"

आप्पा गुरांचे डॉक्टर. मी दहा वर्षांचा असताना नेब्रास्कातल्या हॅलोबेंड नावाच्या गावात त्यांना नोकरी लागली आणि आम्ही कराडहून उठून तिथे गेलो. गावात माणसं नऊशे आणि गाई चाळीस हजार. आप्पा खांद्यापर्यंत हात गाईच्या पोटात घालायचे, त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. पण गाईच्या खुराला त्यांचा बूट लागला की हातमोजा काढून नमस्कार करायचे. तिथल्या शेतकऱ्यांना वाटायचं, ही तपासणीचीच काहीतरी हिंदुस्थानी पद्धत असणार. गाय बरी झाली की मग तर त्यांची खात्रीच व्हायची.

कराडला चुलत्यांनी मला तालमीत घातलं होतं, त्यामुळे शाळेच्या कोचनी माझी मान बघितली आणि दुसरं काही न विचारता मला फुलबॅक केलं. तिथंही मी वाकायचोच. पण गाव लहान. डॉक्टरांचा पोरगा आहे, त्यांच्यात तसं करतात, एवढ्यावर भागलं. कॉलेजात आमचा संघ इतक्या नेमाने हरायचा, की माझ्या वाकण्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. असा कुणाच्या डोळ्यांवर न येता मी थेट व्यावसायिक संघाच्या शिबिरापर्यंत येऊन पोचलो होतो. आणि आता घोडं पेंड खात होतं ते असल्या ठिकाणी.

शिबिरात माझ्या खोलीत डेस्मंड टॉलिव्हर होता. ज्याला माझ्या नमस्कारामुळे आपटला होता, तोच. लुइझियानातल्या कुठल्याशा खेड्यातला, बोलायला गोड आणि पळायला वारा. त्याचं हे तिसरं शिबिर. आधीच्या दोन संघांनी त्याला शेवटच्या दिवशी घरी पाठवलं होतं. "यंदा नाही जमलं तर मामाच्या लाकडाच्या वखारीत जाणार," असं तो रोज दात घासताना सांगायचा. वास्तविक त्याने माझ्याशी बोलणंच टाकायला हवं होतं. त्याऐवजी त्या दिवशी खोलीत आल्याबरोबर तो गालिच्यावर उताणा पडला.

"पाय दे," तो म्हणाला.

"काय?"

"माझ्यावर पाय दे आणि पुढे जा. वाकायचं नाही. खोड आहे ना ही? मोडू आपण."

मी बिचकत त्याच्या पोटावर पाय टेकवला आणि तसाच पुढे गेलो. दोन पावलं गेलो. तिसऱ्या पावलाला माझा हात आपोआप खाली आला.

"पुन्हा," डेस्मंड म्हणाला.

चार दिवस आमचं हे चाललं होतं. सकाळी सराव, दुपारी सराव आणि मधल्या वेळात मी एका ख्रिस्ती माणसाला तुडवत खोलीभर फिरतोय. तो मला शिव्या द्यायला लावायचा, गाणं म्हणायला लावायचा, माझे हात पाठीमागे टॉवेलने बांधायचा. हात बांधले की मी मानेने वाकायचो. एकदा साफसफाईवाली बाई दार उघडून आत आली, आमच्याकडे बघितलं आणि दार लावून घेऊन निघून गेली. त्यानंतर आम्हाला टॉवेल मिळाले नाहीत.

"बरं, निदान मला तरी नीट शिकव," कंटाळून डेस्मंड म्हणाला आणि डावा हात माझ्या पायाला लावून त्याने तो स्वतःच्या छातीला टेकवला. "असं?"

"डावा नाही. उजवा."

"का?"

"डाव्याने केलेला धरत नाहीत."

"तुमच्याकडे फार नियम आहेत, हँक," तो म्हणाला. हणमंत म्हणायला त्याला जड जायचं.

बुधवारी संध्याकाळी मी आईला फोन केला. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मग त्यात काय चुकलं? पाय लागला तर तसंच पुढं जायचं व्हय? गुरासारखं?"

"आई, मला घरी पाठवतील."

"मग ये की घरी. तसाबी बॉल तर देत न्हाईत."

बारा वर्षं मी ह्या एका गोष्टीसाठी अंग ठेचून घेतलं होतं. मला ते हवं होतं, इतकं हवं होतं की मी फोन लांब धरून नाक ओढलं. आईला ते आठशे मैलांवरून ऐकू गेलं असावं.

"रडू नगंस," ती म्हणाली. "जित्याची खोड हाय ती, अशी चार दिवसांत जायची न्हाई. आसं कर, आगाऊ करून ठेव."

"काय आगाऊ?"

"नमस्कार रं! सकाळी उठल्यावर भुईला पाय लावायच्या आधी आपण भुईची माफी मागतोच का न्हाई? दिसभर मग तिला तुडवायचीच असती. मागतो ना आधीच? तसंच. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या समोरच्या माणसांना करून टाक एकदाच. मग लागू दे किती बी पाय."

आता हे ऐकून शहाणा माणूस हसला असता. मला मात्र डोक्यावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. बारा वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही?

गुरुवारी सामन्याआधी दोन्ही संघ मैदानावर अंग मोकळं करत होते. मी मधली रेघ ओलांडून समोरच्या बचावपटूंकडे गेलो. एकेकाशी हात मिळवला, त्याच्या दंडाला उजव्या हाताची बोटं लावली आणि ती छातीला टेकवली. अकरा पक्के आणि राखीव बारा, एकूण तेवीस. उगाच कुणी राहायला नको.

"हे काय?" त्यांच्यातल्या एका दाढीवाल्याने विचारलं.

"माफी मागतोय."

"कशाची?"

"अजून झालेलं नाही ते," मी म्हणालो.

तो दाढीवाला त्यानंतर संपूर्ण पूर्वार्ध माझ्यापासून चार हात लांब राहून खेळला. माझ्या लौकिकात याने भर पडली असेल तर ती कुठल्या प्रकारची, ते मी विचारायला गेलो नाही.

पण आईची मात्रा लागू पडली! पहिल्याच खेळीत मी एकाला पाडला, त्याच्या मांडीवर माझा बूट पडला आणि मी पुढे गेलो. हात जागचा हलला नाही. आधीच चुकती केलेली बाब, मनाला बोचणी अशी नाहीच. मग काय, आलं अंगावर की घेतलं शिंगावर. मी एकापाठोपाठ एक माणूस आडवा करत होतो आणि माझ्या मागून डेस्मंड सुसाट निघत होता. मध्यंतरात कोच ब्रॅनिगन माझ्या जवळून गेले आणि "हं" म्हणाले. त्यांच्याकडून "हं" मिळवायला लोकांना वर्ष वर्ष लागायचं.

उत्तरार्ध सुरू झाला. तिसरी की चौथी खेळी असेल. मी नेहमीप्रमाणे पुढे, डेस्मंड मागे. एकाला मी खांद्यावर घेतला, पण दुसरा बाजूने आला आणि त्याने डेस्मंडच्या काखेवर अशी धडक दिली की तो माझ्या मागेच धाडकन कोसळला. मी धडपडत वळलो, आणि वळताना माझा बूट त्याच्या खांद्याला लागला.

तेवीस जणांची माफी मागून ठेवली होती मी. आपल्या माणसाची मागायची राहिली होती.

चार दिवस ज्याला पोटावर, छातीवर, पाठीवर तुडवला, तोच तो डेस्मंड. पण ती तालीम होती. इथे तो खरोखर पडला होता, आणि माझ्या हातून वाट मोकळी झाली नव्हती म्हणून पडला होता. कोच, शुक्रवार, बारा वर्षं, कशाकशाची आठवण मला राहिली नाही. मी वाकलो आणि त्याच्या खांद्याकडे हात नेला.

बोटांना लागला तो बॉल. पडताना त्याच्या हातून सुटून खांद्याशी येऊन थांबलेला. बॉल असा मोकळा पडला की तो ज्याच्या हाती लागेल त्याचा. समोरचे तिघे त्याच्यावर झेप घेत होते. पण ते बॉल शोधत होते आणि माझा हात आधीच तिथे पोचलेला होता, भलत्याच कामासाठी.

मग मी पळालो. बॉल घेऊन कसं पळतात ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी चोर पळतो तसा पळालो. छत्तीस यार्ड. शेवटच्या रेषेपलीकडे जाऊन तोंडावर पडलो, तेव्हा मैदानात सगळे ओरडत होते आणि मी बॉल पोटाशी धरून तसाच पडून राहिलो, कारण पुढे काय करायचं असतं ते मला कुणी कधी शिकवलेलंच नव्हतं.

सामना संपल्यावर आईचा फोन आला. आप्पांनी खास त्या सामन्यासाठी दवाखान्याच्या छपरावर डिश बसवली होती आणि अर्धं गाव तिथे जमलं होतं.

"दिला की रं बॉल!" ती ओरडली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "पाय लागला हुता न्हवं?"

"तुला कसं कळलं?"

"बघितलं की. बॉल उचलल्यावर पळता पळता छातीला हात लावलास. बाकी कुणाला नसंल दिसलं. पण डाव्या हातानं लावलास. तेवढं बरं न्हाई दिसलं."

शुक्रवारी सकाळी पुन्हा तीच खोली, तेच मालवलेले दिवे. कोचनी ती खेळी लावली. पडद्यावर मी वाकलो, आणि कोचनी चित्र तिथेच थांबवलं. चव्वेचाळीस नंबर कमरेत वाकलेला, हात पुढे केलेला. खाली डेस्मंड.

"थोरवत, एकच प्रश्न," ते म्हणाले. "बॉल दिसला म्हणून वाकलास?"

खोलीत कुणी हसत नव्हतं. डेस्मंड माझ्या डाव्या हाताला, एक खुर्ची सोडून बसला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, पडद्याकडे बघत होता. ज्याच्या हातून शेवटच्या सामन्यात बॉल सुटतो त्याचं काय होतं, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

"हो, कोच," मी म्हणालो. "बॉल दिसला."

कोचनी बटण दाबलं. चित्र पुढे सरकलं. बॉल उचलून चव्वेचाळीस नंबर निघाला, आणि त्याचा डावा हात वर यायला लागला. तो छातीपर्यंत पोचायच्या आत कोचनी पडदा बंद केला. दिवे लागले.

"बॉल दिसला," ते म्हणाले. "ठीक आहे."

दुपारी बाराच्या सुमारास यादी लागली. फुलबॅकच्या पुढे माझं नाव होतं. डेस्मंडचं कुठेच नव्हतं.

मी चार हंगाम खेळलो. आता हॅलोबेंडच्या शाळेत पोरांना शिकवतो, आणि ती छत्तीस यार्डांची गोष्ट पोरं माझ्याकडून दरवर्षी ऐकतात. बॉल कसा दिसला, कसा झडप घालून उचलला, सगळं मी हातवारे करून सांगतो. नजर बॉलवर ठेवा, असं तात्पर्यही वर काढतो. यादी लागली त्या दुपारी खोलीत काय झालं ते मात्र मी त्यांना सांगत नाही.

मी खोलीवर गेलो तेव्हा डेस्मंडने सामान भरून ठेवलं होतं. मी पलंगाच्या कडेला बसलो. मला सांगायचं होतं की मी बॉल बघितलाच नव्हता. मी तुझ्यासाठी वाकलो होतो. साधं वाक्य होतं. दीडदीडशे किलोच्या माणसांच्या छातीवर धावून जाणारा मी, पण ते माझ्या तोंडून निघेना. कारण ते निघालं असतं तर उठून कोचच्या दारात जाऊन तिथेही म्हणावं लागलं असतं, आणि माझी तेवढी छाती नव्हती.

"बरं झालं तुला दिसला," डेस्मंड म्हणाला. "मला तर कळलंच नाही कुठे गेला ते."

"हो," मी म्हणालो.

त्याने बॅग उचलली. खोली अरुंद होती. दोन पलंगांच्या मधून जाताना त्याचा बूट माझ्या पायाला घासला. चुकून की मुद्दाम, कोण जाणे.

तो दारापर्यंत गेला होता. तिथून परत आला. बॅग उजव्या हातात होती, ती त्याने खाली ठेवली. मग वाकून माझ्या पावलाला बोटं लावली आणि ती छातीला टेकवली.

"हाच हात ना?" त्याने विचारलं.